तुम्ही विचारलंत म्हणून: पाठ सरळ झाली, तरी का दुखतं?

नागपुरात फिजिओथेरपी करते म्हटलं, की स्कोलिओसिसचं, म्हणजे कणा बाजूला वाकतो त्या आजाराचं, ऑपरेशन झालेल्या मुलांचे आईवडील हेच विचारतात. पोटातला प्रश्न वेगळाच असतो: पोट्टी नाटक तर नाही ना करून राहिली? नाही करून राहिली.

ऑपरेशन मुख्यतः बाक वाढू नये म्हणून असतं. दुखणं शून्यावर आणायचं वचन त्यात कुणी दिलेलं नसतं. कणा सरळ धरणारे रॉड आणि स्क्रू बसवायला कण्यालगतचे स्नायू हाडापासून सोडवावे लागतात, मणके एकमेकांना जुळून एकच हाड व्हायला सहा महिने ते वर्ष जातं, व्रणाभोवतीची बधिरता काहींना कायमची राहते.

अकरावीतली एक मुलगी. ऑपरेशनला दीड वर्ष झालेलं, एक्स-रे उत्तम. किती दुखतं ते सोड, कुठे ते एका बोटाने दाखव म्हटलं. बोट गेलं शेवटच्या स्क्रूच्या खाली, कमरेत. जुळलेले मणके वाकत नाहीत, मग वाकण्याचं काम खालच्या मोकळ्या सांध्यांवर पडतं. आणि ही नीटच्या क्लासला बिनपाठीच्या बाकावर तीन तास वाकून लिहायची, नंतर ॲक्टिव्हावर मागे बसून स्पीडब्रेकरचे दणके खात घरी. वही तिरक्या पाटावर उंच घेतली. अर्ध्या तासाने उठायचं, वाकायचं ते खुब्यातून. मांडीमागचे स्नायू आखडलेले होते; ते आखडले की खुबा अडतो आणि भार परत कमरेवर. ते रोज ताणायला लावले. दुखणं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं आहे.

पूर्वी मी 'व्यायाम कर, जाईल' म्हणायची. व्यायाम आजही सांगते, 'जाईल' म्हणायला जीभ रेटत नाही. पण ज्यांचं गेलं ते परत येतात कशाला? माझ्यासमोर दुखणारेच उरतात, हेही आहेच.

'मग रॉड काढूनच टाका ना!' दुसरं मोठं ऑपरेशन, वर बाक थोडा परतण्याची भीती. जंतुसंसर्ग किंवा कातडीखाली टोचणारा स्क्रू असं ठोस कारण लागतं.

मात्र बरं चाललेलं असताना एकाच जागी नवं दुखणं सुरू झालं, तर एक्स-रे काढाच. हाड जुळलं नसेल तर रॉड वर्षांनीही तुटतो. ताप, व्रणातून पाणी, पायातला जोर कमी, लघवीवर ताबा नाही: त्याच दिवशी सर्जनकडे. माझ्याकडे नको, मालिशवाल्याकडे तर नकोच नको.