अक्षांश-रेखांश वाचताना होणारे घोळ

१२° ३४′ ३०″ उत्तर, १२° ३४.५′ उत्तर आणि १२.५७५° उत्तर. तिन्ही ठिकाणी अक्षांश एकच आहे. पहिल्यात अंश, मिनिटं, सेकंद. दुसऱ्यात अंश आणि दशांश मिनिटं. तिसऱ्यात नुसते दशांश अंश. सेकंदांना ६० ने भागून मिनिटांत मिळवा (३० ÷ ६० = ०.५), मग त्या मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवा (३४.५ ÷ ६० = ०.५७५). उलट जायचं तर दशांशबिंदूनंतरचा भाग ६० ने गुणत जायचं.

भागाकार न करता नुसती चिन्हं खोडून कुणी १२.३४३० लिहिलं, की बिंदू सुमारे २६ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. एवढी मोठी चूक नकाशावर निदान दिसते तरी! ३४.५०′ ला ३४′ ५०″ समजलं तर फरक जेमतेम सहाशे मीटरचा, आणि तो सहसा खपून जातो. म्हणून दुसरी पद्धत मला सर्वांत फसवी वाटते. सागरी कामात मात्र ती सोयीची, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल, १,८५२ मीटर. जीपीएस रिसीव्हर एनएमईए या ठरावीक मांडणीत माहितीच्या ओळी पाठवतो, त्यांतही हीच पद्धत असते, फक्त चिन्हं गाळलेली: १२३४.५००० म्हणजे १२° ३४.५′. दशांशबिंदूच्या लगेच आधीचे दोन अंक मिनिटांचे, त्याआधीचे अंशांचे. रेखांशात अंशांना तीन अंक असतात, तिथेही हाच नियम चालतो.

दशांश अंशांत दक्षिण आणि पश्चिमेला उणे चिन्ह लावतात. स्प्रेडशीटमध्ये −३३° ३०′ साठी −३३ + ०.५ केलं तर −३२.५ येतं, हवं असतं −३३.५. आधी चिन्ह बाजूला काढा, शेवटी लावा. −०° १५′ मध्ये तर शून्याचं उणेच गळून पडतं, त्यामुळे दिशेचा रकाना वेगळा ठेवलेला बरा.

दशांशानंतर पाच स्थळं म्हणजे अक्षांशात सुमारे १.१ मीटर. फोनच्या जीपीएससाठी ती पुरेत. आठ स्थळं हा निव्वळ देखावा.

राहिला क्रम. नकाशाच्या शोधपेटीत बहुधा अक्षांश आधी, पण जिओजेसन आणि केएमएल या नकाशाची माहिती साठवणाऱ्या फाइलींत रेखांश आधी. अक्षांश ९० च्या पुढे जात नाही, त्यामुळे मोठा आकडा दिसला की उलटापालट कळते. दोन्ही आकडे ९० च्या आत असले, तर मात्र सॉफ्टवेअर कुरकुर न करता बिंदू भलतीकडेच टाकतं.