एक गळा, एक गिटार

मी ध्वनिमुद्रण शिकवतो त्या वर्गात त्या दिवशी अमेरिकन गायक जॉनी कॅशचं 'डेलियाज गॉन' हे खुनाचं गाणं दोनदा लावलं. आधी १९६२च्या 'द साउंड ऑफ जॉनी कॅश' या अल्बममधलं, मग १९९४च्या 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज'मधलं. पहिल्यात बँड आहे, त्यामुळे खुनाची गोष्टही ठेक्यावर पुढे सरकत जाते. दुसऱ्यात साठी ओलांडलेला कॅश आणि त्याची गिटार, बस. निर्माता रिक रुबिनने लॉस एंजलिसमधल्या आपल्या दिवाणखान्यात आणि टेनेसीतल्या कॅशच्या केबिनमध्ये या दुसऱ्या अल्बममधली बहुतेक गाणी टिपली.

दुसरं ऐकून झाल्यावर एकीने विचारलं, "सर, ही डेलिया खरंच होती का?" होती. डेलिया ग्रीन, जॉर्जियातल्या सवानाची १४ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. १९००च्या नाताळच्या आदल्या रात्री साधारण तिच्याच वयाच्या मोझेस ह्यूस्टनने तिच्यावर गोळी झाडली. त्याला जन्मठेप झाली, १९१३मध्ये पॅरोल मिळाला. गाणं पुढे अमेरिकेत आणि बहामात तोंडोतोंडी फिरलं. कॅशच्या १९९४च्या गाण्यात घटना सवानाहून मेम्फिस शहरात गेली आहे, डेलिया खुर्चीला बांधलेली आहे आणि बोलतो फक्त मारेकरी. कोठडीत त्याला झोप नाही, पलंगाभोवती तिची पावलं वाजतात. बँड नसल्यामुळे ऐकणारा त्याच कोठडीत बसतो. मला १९९४चंच मुद्रण मोठं वाटतं ते म्हणूनच.

मग तसंच मुद्रण करून पाहायचं ठरलं. पंखा, एसी, फ्रिज बंद. फरशीवर सतरंजी, समोरच्या भिंतीवर गोधडी. आवाजाला मोठ्या डायफ्रामचा (पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे संवेदनशील माइक, तोंडापासून २० सेंटीमीटरवर, मध्ये फुंकर अडवणारी जाळी, पॉप फिल्टर. गिटारला छोटा कंडेन्सर, मानेवरच्या बाराव्या फ्रेटसमोर (धातूच्या पट्टीसमोर) ३० सेंटीमीटरवर. गिटारच्या पोटातल्या भोकासमोर, साउंडहोलसमोर, ठेवला तर खर्ज घुमतो. मुद्रण २४ बिटमध्ये, सर्वांत मोठा सूरही उणे १० डीबीच्या वर जाऊ द्यायचा नाही.

दोन्ही माइकचे ट्रॅक एकत्र ऐकले आणि गाणाऱ्याचा आवाज पोकळ झाला. गिटारचा माइक तोंडापासून सुमारे ७० सेंटीमीटरवर होता, म्हणजे आवाज तिथे ५० सेंटीमीटर जास्त चालून, दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचत होता. त्यामुळे ३४० हर्ट्झच्या आसपास दोन्ही माइकमधला तोच आवाज एकमेकाला खोडतो, तिथे खळगा पडतो, आणि पुरुषी आवाजाचा भरीवपणा नेमका तिथेच असतो. एका ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीचं वर-खाली, उलटवल्याने खळगा फक्त जागा बदलतो. आम्ही केलेला उपाय: गिटारला फिगर-आठ माइक लावायचा, जो पुढून-मागून ऐकतो पण बाजूंनी बहिरा असतो, आणि त्याची बहिरी बाजू तोंडाकडे करायची. पाच-सहा अंश इकडेतिकडे फिरवत, हेडफोनवर आवाज सर्वांत क्षीण होईल तिथे थांबायचं.

एवढं करूनही एक गोष्ट निघत नाही. चौथ्या कडव्यात गाणारा एक शब्द चुकला. ती ओळ पुन्हा घेऊन फक्त आवाजाच्या ट्रॅकवर जोडली, तर गिटारच्या ट्रॅकमधून जुना शब्द कुजबुजल्यासारखा ऐकू येत राहिला. एका बैठकीत गळा आणि गिटार एकत्र टिपले की जोडकाम दोन्ही ट्रॅकवर एकाच जागी करावं लागतं, तेही ओळींमधल्या श्वासाच्या जागी, आणि लय दोन्हीकडे जुळलेली हवी. मेट्रोनोम लावला नव्हता, दुसरा टेक किंचित जलद होता, सांधा दिसला. अखेर पाचवा टेक अखंड ठेवला, दुसऱ्या कडव्यातल्या थोड्या घसरलेल्या सुरासकट.