बाकासाठी खुंट्या आणि पाचरी

आज सांगलीत वखारीतले बाभळीचे उरलेले तुकडे आणून सुतारकामाच्या बाकाच्या खुंट्या आणि पाचरी केल्या. खुंट्या बाकाच्या भोकांत बसवायच्या आणि फळी व खुंटीच्या मध्ये पाचरी ठोकायच्या, म्हणजे रंधताना फळी हलत नाही. फळी धरायला महागड्या शिकंज्याची गरजच पडत नाही.

भोकं 20 मिमीची, खुंटी साडेएकोणीसची. ही अर्ध्या मिमीची ढिलाई सोडाच, कारण पावसाळ्यात लाकूड फुगलं की घट्ट खुंटी भोकातच अडकते आणि खालून ठोकून काढावी लागते. फळीकडची बाजू सपाट तासा, नाहीतर मऊ लाकडावर गोल व्रण उमटतो. डोकं फळीच्या 5 मिमी खाली, म्हणजे रंध्याचं पातं वाचतं.

पाचरी जोडीनेच: लांबी 200, रुंदी 40वरून 15 मिमीवर उतरती. उतार फार वाढवला तर हादऱ्याने सुटतात. आणि त्यांना मेण, तेल अजिबात लावू नका!