मातीवरचं नाव : मनसर, नगरधन, रामटेकचा एक दिवस

नागपूरचा माणूस रामटेकला लहानपणापासून जात असतो. शाळेची सहल, घरातला नवस, त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा. मीही असंख्य वेळा गेले आहे. या डिसेंबरात मात्र पहिल्यांदाच रामासाठी नाही, एका राणीसाठी गेले. सोबत नववीतली पुतणी होती. तिच्या पुस्तकात विदर्भातल्या वाकाटक राजघराण्याची राणी प्रभावतीगुप्त हिच्या नावाला एकच ओळ होती, आणि ती राणी आपल्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावरून राज्य करत होती हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मलाही ते फार उशिरा कळलं.

सकाळी साडेसहाला तर्री पोहे खाऊन निघालो. कामठी, कन्हान, मनसर असा सरळ रस्ता आहे. स्वतःची गाडी नसेल तर रामटेकची एसटी मिळते, पण मग मनसर आणि नगरधनसाठी रामटेकहून ऑटो ठरवावा लागेल. ऑटोवाल्याशी थांबण्याच्या वेळेसकट भाडं आधीच बोलून घ्या. नगरधनहून परत येताना रिकामा ऑटो मिळेलच असं नाही.

पहिला थांबा मनसर. गावात ‘उत्खननाची जागा’ विचारत बसू नका, ‘हिडिंबा टेकडी’ म्हणा. १९९७-९८पासून काही वर्षं पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांनी इथे उत्खनन केलं आणि टेकडीच्या पोटातून विटांचं प्रचंड बांधकाम वर आलं. उत्खनन करणाऱ्यांनी त्यात बौद्ध आचार्य नागार्जुनाशी जोडलेलं बौद्ध स्थळ पाहिलं. हान्स बाकर या डच अभ्यासकाने मात्र हे प्रवरेश्वराचं शिवमंदिर आणि पायथ्याची वस्ती म्हणजे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं मांडलं. ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरं असलेले मातीचे ठसे इथे सापडले आहेत, त्यामुळे मला दुसरं मत जास्त पटतं. इथलीच एक हसऱ्या चेहऱ्याची शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कधी दिल्लीला गेलात तर आपल्या गावची म्हणून तिला भेटून या.

टेकडीवर सावली नाही. डिसेंबरातही दहानंतर ऊन लागतं, मे महिन्यात तर विचारही करू नका. पाणी घरूनच न्या. आणि विटांवर चढू नका. आमच्यासमोर दोन पोरं फोटोसाठी भिंतीच्या कडेवर उभी राहिली आणि एक वीट सुटून खाली आली. दीड हजार वर्षं टिकलेली वीट. पुतणी त्यांच्याशी भांडायलाच निघाली होती, आणि मी तिला अडवलं नाही.

प्रवरसेन हा प्रभावतीचा मुलगा. त्याच्या राजधानीतून आम्ही आईच्या राजधानीकडे निघालो.

नगरधन रामटेकच्या दक्षिणेला, सहा-सात किलोमीटरवर. हेच वाकाटकांची जुनी राजधानी नंदिवर्धन. बहुतेक लोक किल्ला बघून परततात. किल्ला देखणा आहे, पण तो पुष्कळ नंतरच्या काळातला. २०१५ ते २०१८ या काळात राज्याचं पुरातत्त्व खातं आणि डेक्कन कॉलेज यांनी गावात आणि आसपास उत्खनन केलं. घरं, मणी, बांगड्या, जनावरांची हाडं, एक धड राहिलेली गणेशमूर्ती, असं रोजच्या जगण्यातलं खूप काही निघालं. आणि एका भल्यामोठ्या भिंतीवर मिळाला मातीचा एक लंबगोल ठसा. त्यावर शंख आणि ब्राह्मी लिपीत राणीचं नाव.

किती मोठा असेल तो? लांबी ३५.७१ मिलिमीटर, रुंदी २४.२० मिलिमीटर, वजन ६.४० ग्रॅम. मी पुतणीच्या तळहातावर पाचचं पिवळं नाणं ठेवलं. जवळपास एवढंच वजन, फक्त आकार थोडा लांबट. ती बराच वेळ मूठ मिटून उभी राहिली.

हा ठसा मला इतका मोलाचा का वाटतो ते सांगते. प्रभावती ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची बायको. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती. तिने किमान तेरा वर्षं कारभार पाहिला. कारण तेराव्या वर्षी याच नंदिवर्धनातून काढलेला, पुढे पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट आपल्याकडे आहे. त्यात ती वंशावळ देते ती माहेरची, गुप्तांची. पण त्याच ताम्रपटाच्या मुद्रेवर तिचं नाव नाही. तिथे आहे ‘युवराजाच्या आईचं शासन’. नगरधनच्या मातीवर मात्र कुणाची आई नाही, कुणाची मुलगी नाही, तिचं स्वतःचं नाव आहे. ओली माती, तिच्यावर दाबलेली मुद्रा, आणि तो ठसा बघून समोरच्याने हुकूम मानायचा. याच सुमाराला, इ. स. ४१० मध्ये, गॉथ राजा अलारिकच्या फौजांनी रोम लुटलं. ती तारीख पुतणीला पाठ होती. मग त्याच पिढीत आपल्या विदर्भात एक बाई राज्य चालवत होती, हेही पाठ असायला नको का?

तो ठसा नगरधनला बघायला मिळत नाही, आणि उघडे खड्डेही शोधू नका. बांधावर तुरीच्या शेंगा तोडत एक आजी बसल्या होत्या. ‘काय पाहाले आल्या जी?’ म्हणाल्या. मी सांगितलं. ‘हो, खोदलं होतं ना साहेब लोकायनं. लय बारीक बारीक ब्रशानं झाडत होते माती. मंग बुजवून टाकलं बाप्पा.’ आणि ओंजळभर शेंगा पुतणीच्या ओढणीत टाकल्या. शेतात जुन्या भांड्यांची खापरं दिसली तर बघा, फोटो काढा, पण खिशात घालू नका. जागेवरून हललेलं खापर अभ्यासकाला काही सांगू शकत नाही.

दोन दिवस असतील तर दुसरी सकाळ काटोल रोडवरच्या जुनापाणीला द्या. तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली दफनं. रिवेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, १९६१ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. सूर्य वर चढायच्या आत जा, तिरप्या उन्हातच ते नीट दिसतात. गवतात कुसळं फार, बूट घाला. सोमवारी गेलात तर जोडून अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, बघायचा बेत करू नका, त्या दिवशी तो बंद असतो. आमचा हेलपाटा झाला.

रामटेकच्या गडावर पोचायला दुपारचे तीन झाले. हातात पिशवी ठेवू नका, वानरं थेट ओढतात. राममंदिराकडे जाण्याआधी केवल नरसिंहाचं देऊळ विचारा. हे वाकाटकांचं दगडी देऊळ, गर्दी नाही. आत लाल दगडाचा भव्य नरसिंह निवांत बसलेला आहे. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, पोट फाडणं नाही, हातात फक्त चक्र. १९८०च्या दशकात डागडुजी चालू असताना इथल्या भिंतीत एक शिलालेख मिळाला. बराच झिजलेला, पण त्यातून एवढं कळतं की प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी हे देऊळ बांधलं आणि देवाला नाव दिलं प्रभावतीस्वामी. आणि प्रभावतीने स्वतः आपला दुसरा एक ताम्रपट, ऋद्धपूरला मिळालेला, याच रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामीच्या पायाशी बसून दिला होता.

आत उजेड कमी असतो, मोबाईलचा टॉर्च लागेल. पुतणीने तो भिंतीवर तिरपा धरला आणि एकेक अक्षर शोधत राहिली. पुजारीबुवांनी दोनदा विचारलं, ‘काय हरवलं का बेटा?’ ती म्हणाली, ‘नाही काका, नाव शोधते आहे.’