कर्नल स्टॅक 8 केबीचा 16 केबी: आकडा बदलण्याआधी काय मोजायचं

लिनक्समध्ये प्रत्येक थ्रेडला कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत काम करण्यासाठी वेगळा स्टॅक (चालू फंक्शनांची तात्पुरती मेमरी) मिळतो. युजर स्पेसच्या, म्हणजे साध्या प्रोग्रामच्या, स्टॅकसारखा तो गरजेनुसार वाढत नाही. जेवढा दिला तेवढाच. 64 बिट एक्स86 (इंटेल, एएमडीचे प्रोसेसर) वर तो बरीच वर्षं 8 केबी होता, 2014 मध्ये 3.15 आवृत्तीत 16 केबी झाला. मूळ बदल एका आकड्याचा: थ्रेड_साइझ_ऑर्डर 1 होता, तो 2 केला. मेमरीच्या एका पानाचे (पेजचे) 4096 बाइट तेवढी बिटची घरं डावीकडे सरकवले की 16384 होतात.

8 केबी कुठे संपत होते? कुठल्या एका फंक्शनमध्ये नाही, एकाने दुसऱ्याला बोलावण्याच्या लांब साखळीत. फाइलसिस्टिमने मेमरी मागितली, मोकळी पानं नव्हती म्हणून त्याच थ्रेडला रिक्लेमला (वापरातली पानं मोकळी करण्याला) जुंपलं, तिथून स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या राखीव जागेत) लिहिणं, तिथून डिस्कची कामं पुढे धाडणारा ब्लॉक लेयर, मग व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचा व्हर्टआयओ ड्रायव्हर, आणि त्यालाही छोट्याशा केमॅलॉकसाठी (कर्नलमधल्या मेमरी मागणीसाठी) पुन्हा पानं वाटणाऱ्या पेज अलोकेटरकडेच जावं लागलं. फंक्शनमागे सव्वाशे बाइट धरले तरी साठ फंक्शनांत साडेसात हजार बाइट उडाले.

म्हणून आधी मोजा. कॉन्फिगमध्ये स्टॅक ट्रेसर (स्टॅकचा सर्वाधिक वापर नोंदवणारं साधन) घेऊन कर्नल बांधा, बूटच्या ओळीत ‘स्टॅकट्रेस’ द्या, मशीनला मुद्दाम कमी रॅम आणि चालू स्वॅप देऊन नेहमीचा लोड चालवा. ट्रेसिंग फोल्डरातली स्टॅक_ट्रेस फाइल उघडली की खोली, आकार आणि फंक्शन असे तीन रकाने दिसतात. मधला रकाना वाचत जा. 48, 64, 112 अशा ओळींमध्ये एकदम 528 आला, तर तिथे कोणीतरी 512 बाइटचा लोकल अ‍ॅरे ठेवलेला असण्याची दाट शक्यता. फंक्शनची फ्रेम (स्टॅकवरची त्याची जागा) फार मोठी झाली की येणारी कंपायलरची फ्रेम_वॉर्न सूचना यावर बोलणार नाही. 64 बिटवर तिची मर्यादा साधारण 2048 असते आणि ती एकेका फंक्शनपुरतंच बघते, साखळीची बेरीज करत नाही.

तो अ‍ॅरे केमॅलॉकवर नेताना जपा. आय/ओच्या (डिस्कवर वाचण्या-लिहिण्याच्या) वाटेवर मागणीसोबत जीएफपी_कर्नल हा नेहमीचा फ्लॅग वापरलात तर अलोकेशन पुन्हा रिक्लेममध्ये शिरेल; तिथे नवीन आय/ओ सुरू न करणारा जीएफपी_एनओआयओ हवा. दुसरी खोड इनलायनिंगची. जीसीसी हा कंपायलर छोटी फंक्शनं मोठ्यात विरघळवतो आणि क्वचितच चालणाऱ्या शाखेचा अ‍ॅरेही मोठ्या फंक्शनच्या फ्रेममध्ये येऊन बसतो. ती शाखा वेगळ्या फंक्शनात ठेवून त्यावर नोइनलाइन_फॉर_स्टॅक (‘विरघळवू नको’ अशी खूण) लावली की ती जागा फक्त गरजेपुरती लागते. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

एवढं करूनही वाढवायचंच असेल तर ऑर्डर 3, म्हणजे 32 केबी. केसॅन (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) चालू केलं की एक्स86 वर एक ऑर्डर आपोआप वाढते, त्यामुळे केसॅनच्या बिल्डमध्ये स्टॅक पुरला म्हणून निर्धास्त होऊ नका. आकडा बदलल्यावर कर्नल आणि बाहेरचे सगळे मॉड्यूल नव्याने बांधा.

किंमत थ्रेडमागे मोजावी लागते. दहा हजार थ्रेडना 16 केबीप्रमाणे सुमारे 156 एमबी लागतात, 32 ने दुप्पट; मेमरीचा हिशेब देणाऱ्या मेमइन्फो फाइलमधली ‘कर्नलस्टॅक’ ही ओळ तेच दाखवते. व्हीमॅप_स्टॅक हा कॉन्फिग पर्याय बंद असेल तर ऑर्डर 3 ला सलग आठ पानं हवीत. रॅम मोकळी दिसते पण तुकड्यांत, आणि नवीन प्रोसेस किंवा थ्रेड बनवणारा फोर्क ‘मेमरी नाही’ म्हणून परततो. 4.9 पासून एक्स86 वर आलेला व्हीमॅप_स्टॅक सुटी पानं जोडून घेतो, शिवाय स्टॅकच्या टोकाला गार्ड पेज (हात लावला की लगेच चूक दाखवणारं रिकामं पान) ठेवतो. आधी स्टॅक ओसंडला तर शेजारची मेमरी गुपचूप खराब व्हायची, आता कर्नल जागेवरच ओरडतो. तो चालूच ठेवा. मात्र जुना ड्रायव्हर स्टॅकवरचा बफर डीएमएला (हार्डवेअरने थेट मेमरी वाचण्या-लिहिण्याला) देत असेल तर तो इथे मोडतो. डीबग_एसजी हा तपासणीचा पर्याय लावून आधीच पकडा.

आणि इंटरप्टचा (हार्डवेअरच्या हाकेला उत्तर देणाऱ्या कामाचा) वेगळा स्टॅक भरत असेल, तर थ्रेड_साइझ_ऑर्डरला हातच लावू नका. त्याची ऑर्डर वेगळी आहे, आयआरक्यू_स्टॅक_ऑर्डर.