तार षड्जाला चिरणारा आवाज

बाईंना डॅक मीच विकला होता. हे आधी सांगतो, कारण गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात तेच फिरतंय.

दिवाळीच्या आधी पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात उभं राहायला जागा नसते. एका गिऱ्हाइकाला पाच मिनिटं दिली तरी मागचे कुरकुरतात. बाई सदाशिव पेठेत राहतात, आयुष्यभर गाणं शिकवलं. त्यांच्या गुरुजींच्या घरगुती बैठकींच्या कॅसेट भाच्याने लॅपटॉपवर उतरवून दिल्या होत्या, त्या घरच्या जुन्या स्टिरिओवर ऐकायच्या होत्या. लॅपटॉपमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करून स्टिरिओच्या अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, देणारी डबी म्हणजे डॅक, एवढं मी समजावलं आणि विचारलं, "बजेट किती?" सात हजारांचा दिला. खोक्यावरच्या ३८४ किलोहर्ट्झ आणि ३२ बिटवर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "हे जास्त म्हणजे चांगलं ना?" मी हो म्हटलं. १९८२ पासून सीडी ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटमध्ये भागवते आणि घरगुती कॅसेट त्याच्या जवळपासही पोचत नाही, हे मला पाठ आहे. पण मागे रांग होती.

चार महिन्यांनी बाईंचा फोन आला. "तुमचा डॅक उत्तम आहे हो. रेकॉर्डिंगच बिघडलंय. तरी एकदा बघून जाल?"

गेलो. आलाप सुरू झाला, खर्ज कसा स्वच्छ, तंबोरा भरून राहिलेला. गुरुजी तार षड्जावर गेले आणि आवाज चिरला. कागद फाडावा तसा. खाली आले की पुन्हा स्वच्छ. मलाही वाटलं, कॅसेटवरून उतरवताना पोराने लेव्हल चढी ठेवली असणार. बाईंचं तर तेच ठाम मत होतं. बुरशी आली म्हणून मूळ कॅसेट उतरवून झाल्यावर टाकून दिल्या होत्या, म्हणजे परत उतरवायची सोय नाही. "त्याच्याशी मी बोलत नाही सध्या," बाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. भाचा सांगत होता, माझ्या हेडफोनवर सगळं नीट ऐकू येतं. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

निघण्याआधी सवयीने माझ्या मोबाइलमधलं तबल्याचं एक सोलो त्याच डॅकमधून लावलं. ते रेकॉर्डिंग मी शंभरदा ऐकलंय. 'ना'च्या प्रत्येक ठोक्याला तीच चीर. बाईंनी डॅकवर गुरुजींखेरीज दुसरं काही लावलंच नव्हतं. रेडिओ ट्यूनरवर ऐकायच्या, तो ठीक होता.

तेव्हा कुठे मी अँपच्या मागे वाकलो. पाच पिनांची गोल डिन सॉकेट. ऐंशीच्या दशकातला अँप, आणि बाईंनी त्याचं माहितीपत्रकसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. त्यात स्पष्ट लिहिलंय: इनपुट २०० मिलिव्होल्ट, म्हणजे अँपला आत एवढाच सिग्नल हवा. डॅकमधून ५० हर्ट्झचा पूर्ण लेव्हलचा सूर सोडून मीटर लावला. २ व्होल्ट. दहापट! आजकालचे बहुतेक डॅक तेवढेच देतात, सीडी प्लेअरही. या अँपला वर थोडी जागा आहे, दहापट नाही. व्हॉल्यूम कमी करूनही उपयोग नाही, कारण या अँपमध्ये व्हॉल्यूमचं बटण पहिल्या ट्रान्झिस्टरच्या नंतर आहे आणि सिग्नल त्याआधीच कापला जातो. बॅगेतला छोटा स्कोप, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, जोडून बाईंना दाखवलं. लाटेचा माथा सुरीने उडवल्यासारखा सपाट, खालीही तसंच.

"हा षड्ज?"

"नाही, नुसता सूर आहे. पण षड्जाचं हेच होतंय."

उपाय चार रेझिस्टन्सचा. प्रत्येक चॅनेलला ८.२ किलोओहम वाटेत आणि २.२ किलोओहम ग्राउंडला, म्हणजे २ व्होल्टचे साधारण ०.४ होतात. एक टक्केवाले मेटल फिल्म घेतले, मीटरवर जोड्या जुळवल्या आणि डिन पिनेच्या टोपणातच बसवले. जागा बोटाच्या पेराएवढी, प्रत्येक पायाला स्लीव्ह हवी, नाहीतर टोपण फिरवताना शॉर्ट होतं. अँपच्या टोकाला बसवलं की केबल लांब असली तरी फरक पडत नाही. लॅपटॉपचा आवाज कमी ठेवूनही भागलं असतं, पण तो कोणीतरी वाढवतोच. खर्च एका चहाचाही नाही. बाईंच्या एका शिष्येने मधे एका शोरूममध्ये विचारलं होतं, तर त्यांनी पंचवीस हजारांचा डॅक सुचवला. तोही २ व्होल्टच देणारा! डॅकमध्ये चिप कुठली, आवाज गोड की धारदार, यावर आमच्या धंद्यातले लोक तासन्‌तास बोलतील. अँप कुठला आहे, हे विचारायला अर्धा मिनिट लागतो.

पुन्हा तीच बैठक लावली. तार षड्ज आला, लांबला, आणि कुठेही न फाटता उतरला. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चार महिने मी त्या पोराला नाही नाही ते बोलले." आणि थोड्या वेळाने, अगदी शांतपणे, "विकताना हे विचारायला हवं होतं ना तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

हत्यारं आवरत होतो तेवढ्यात द्रुत बंदिशीत एका जागी आवाज पुन्हा फाटला. माझ्या पोटात गोळा आला. स्कोप लावला तर अँप निर्दोष. फाटलेलं मूळ रेकॉर्डिंगमध्येच होतं. बाईंना म्हटलं, हे मात्र मला काढता येणार नाही.

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "तिथे गुरुजी तान घेताना माइकवर झुकले होते. मी मागे तंबोऱ्यावर होते."