दुसऱ्या अपिलासाठी धुळ्याहून खंडपीठापर्यंत

शेतजमिनीच्या वाटपाच्या दाव्यात धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात आमचे पहिले अपील फेटाळले गेले, तेव्हा 'आता मुंबई गाठावी लागणार' असे घरातील वडीलधाऱ्यांनी गृहीतच धरले. त्यात वावगे काही नव्हते. मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झाले तेव्हापासून खानदेश त्याच्याच अधिकारक्षेत्रात आहे, आणि आजोबांच्या पिढीला वरचे कोर्ट म्हणजे मुंबई एवढेच ठाऊक होते. याच उच्च न्यायालयाचे औरंगाबादचे खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खालील, म्हणजे उच्च न्यायालयाचे कामकाज मुख्य ठिकाणाबाहेरही चालवण्याची, ही व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने पुढे वैध ठरवली, आणि आज धुळे, जळगाव व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची प्रकरणे तिथेच चालतात. नाशिक जिल्हा मात्र मुंबईकडेच राहिला. त्यामुळे मालेगाव तालुक्यातील मावसभावाचे अपील मुंबईला आणि आमचे कन्नडचा घाट चढून औरंगाबादला, असा प्रकार झाला. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत मालेगावही खानदेशातच होते, पण त्याचा आता कोणाला उपयोग नाही.

वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले की दुसरे अपील म्हणजे साक्षीपुरावा पुन्हा तपासून घेण्याची जागा नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे कायद्याचा सारभूत प्रश्न उपस्थित होत असेल तरच ते दाखल करून घेतले जाते. मुदत ९० दिवसांची असते, मात्र न्यायनिर्णय व हुकूमनाम्याच्या सहीशिक्क्याच्या नकला मिळण्यात गेलेला काळ त्यातून वगळला जातो, म्हणून नकलेचा अर्ज आम्ही लगोलग दिला.

खरा वेळ खाल्ला तो भाषेने. जिल्ह्यात सारे कामकाज मराठीतून झालेले, तर उच्च न्यायालयाचे इंग्रजीतून. अपिलाचे कागद तपासून उच्च न्यायालयाच्या कार्यालयाने काढलेल्या हरकतींमध्ये मराठी कागदांची भाषांतरे आणि अस्पष्ट पानांच्या टंकलिखित प्रती मागितल्या होत्या. आजोबांच्या खरेदीखताची शाई इतकी फिकी पडली होती की चतुःसीमेतील 'पूर्वेस नाला' एवढेच धड वाचता येई. बाकी मजकूर मी भिंगाखाली धरून, जुन्या सातबाऱ्याशी ताडून उतरवला. हे काम पक्षकारानेच करावे असे माझे मत आहे, कारण शिवारातील नावे भाषांतरकाराला ठाऊक नसतात.

हरकती दूर झाल्यावर प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, आले. सुनावणी थोडक्यात झाली. वाटपाच्या एका मुद्द्यावर कायद्याचा प्रश्न निश्चित करून न्यायालयाने अपील दाखल करून घेतले, आणि प्रतिवादींना नोटिसा काढल्या. जमिनीच्या हस्तांतरणास तूर्त मनाई आहे. अंतिम सुनावणी अद्याप व्हायची आहे.